पाठीतल्या पाण्याची तपासणी : कॅन्सर मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय का, हे सोलापुरात शोधताना

माझ्या अक्काचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. केमो झाली, रेडिएशन झालं, केसही परत आले. मग एका मार्च महिन्यात पहाटे पहाटे तिचं डोकं ठणकायला लागलं. उलटी झाली की जरा बरं वाटायचं. पित्त असेल म्हणून आम्ही पंधरा दिवस घालवले. एका सकाळी तिनं चहाचा कप बशीच्या शेजारी, सरळ ओट्याच्या कडेवर ठेवला. कप खाली पडला. ती म्हणाली, "मला दोन बश्या दिसायल्यात रे."

पुढच्या महिनाभरात तिच्या पाठीतलं पाणी दोनदा काढावं लागलं. पहिल्या वेळचं वाया गेलं, आणि ते केवळ आम्हाला दोन-चार गोष्टी माहीत नव्हत्या म्हणून. मी डॉक्टर नाही. पण ज्यांच्या घरात आज "एलपी करावी लागेल" हा शब्द आलाय, त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. औषधाचे आणि तपासणीचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. त्यांना काय विचारायचं, ते इथून घ्या.

१. नेमकं काय शोधतायत ते समजून घ्या

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पातळ आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव फिरत असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, वॉर्डात सगळे "पाठीतलं पाणी" म्हणतात. कॅन्सरच्या पेशी या आवरणांवर जाऊन बसल्या की त्यातल्या काही पाण्यात सुटतात. स्तनाचा कॅन्सर, फुप्फुसाचा कॅन्सर, मेलॅनोमा आणि रक्ताचे काही कॅन्सर यांत हे जास्त दिसतं. मेंदूत गाठ होणं वेगळं आणि आवरणावर पसरणं वेगळं. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, पण उपचार बदलतात, म्हणून डॉक्टर नुसत्या गाठीच्या रिपोर्टवर थांबत नाहीत.

कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून हे पाणी काढतात, त्याला लंबर पंक्चर किंवा एलपी म्हणतात. जर्मनीतल्या हेन्‍रिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली, म्हणजे तिला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली.

आमच्याकडे पहिली अडचण घरातूनच आली. "पाठीत सुई मारली की कंबर कायमची जाते, पाय लुळे पडतात," असं निदान चौघांनी सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे जाते. तिथे फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात आणि सुई आली की ते बहुतेक वेळा बाजूला सरकतात. आईला हे चित्र दाखवलं तेव्हा ती राजी झाली. तुम्हीही असं चित्र मागून घ्या.

२. लक्षणं तारखेसह वहीत लिहा

हा आजार एकाच वेळी अनेक जागी त्रास देतो आणि आपण प्रत्येक त्रासाला वेगळं कारण देत बसतो. डोकेदुखी म्हणजे पित्त, मांडीत कळ म्हणजे सायटिका, कमी ऐकू येणं म्हणजे कानात मळ. डॉक्टरांना मात्र हे सगळं एकत्र दिसलं तरच पटकन लक्षात येतं. म्हणून लिहा: पहाटेची डोकेदुखी, उलटी, दोन-दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, ऐकू कमी येणं, कमरेतून पायात जाणारी कळ, मुंग्या, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बोलण्यात गोंधळ, झटके. अक्काची हनुवटी एका बाजूला बधिर झाली होती. ती दाताची गोष्ट समजून तिनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं, तेव्हा बाहेर आलं.

३. एमआरआय आधी, पाणी नंतर

हा क्रम मोडू नका. पाणी काढल्यावर आतला दाब कमी होतो आणि मग मेंदूची आवरणं एमआरआयमध्ये उजळ दिसू शकतात. तो उजळपणा आजाराचा की सुईचा, हे नंतर सांगणं अवघड होतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मेंदूत मोठी गाठ असेल आणि दाब वाढलेला असेल, तर खालून पाणी काढणं जिवावर बेतू शकतं. ते आधी चित्रात पाहावं लागतं.

एमआरआय साधा नको, कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला हवा, आणि शक्य असेल तर मेंदूसोबत पूर्ण मणक्याचा. चिठ्ठीवर फक्त "ब्रेन" लिहिलं असेल तर विचारा, "पूर्ण स्पाइनचाही आत्ताच करून घ्यायचा का?" नाहीतर दोन दिवसांनी पुन्हा तीच रांग, पुन्हा तेच इंजेक्शन. कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट मागतात, तो आदल्या दिवशी करून ठेवा. पेसमेकर, केमोचा पोर्ट, शरीरात कुठली पट्टी किंवा क्लिप असेल तर आत जाण्याआधी सांगा. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी घरीच काढा. अक्काच्या हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, शेवटी सेंटरच्या बाहेर बसून एकेक फोडावी लागली. ती त्या दिवशी तिथेच पहिल्यांदा रडली.

४. कागद आणि सामान

एका पिशवीत हे सगळं ठेवा. दोन झेरॉक्स प्रत्येकाच्या:

– मूळ बायोप्सीचा आणि ऑपरेशनचा रिपोर्ट. स्तनाचा कॅन्सर असेल तर गाठीचा प्रकार सांगणारा ईआर, पीआर, हर-टूचा रिपोर्टही
– डिस्चार्ज कार्डं, केमोचा तक्ता, रेडिएशनचं कार्ड
– एमआरआयचा रिपोर्ट, फिल्म आणि सीडी
– ताजं हिमोग्राम, विशेषतः प्लेटलेट्स. रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर. क्रिएटिनिन
– चालू औषधांची यादी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वेगळ्या अधोरेखित करून
– आधार कार्ड, रेशन कार्ड
– पातळ चादर, उशी, पाण्याची बाटली, मागून उघडता येईल असा सैल गाऊन किंवा सदरा
– नमुना स्वतः न्यायचा असेल तर झाकणाचा डबा, आइस पॅक, जाड कापड

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विशेष सांगतो. हृदयाची अँजिओप्लास्टी झालेल्या किंवा पायात गुठळी झालेल्या पेशंटला अशा गोळ्या किंवा पोटातली इंजेक्शनं चालू असतात. त्या कधी थांबवायच्या, किती दिवस थांबवायच्या, हे औषधागणिक वेगळं असतं. स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि लपवूही नका. केमोनंतर प्लेटलेट्स कमी असतात. त्या ५० हजारांच्या खाली असतील तर डॉक्टर बहुधा थांबतात किंवा आधी प्लेटलेट्स चढवतात.

रेशन कार्ड कशाला, असं वाटेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी त्यांना भेटा आणि ही तपासणी कुठल्या पॅकेजमध्ये धरली जाईल ते विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारलं की उपयोग नसतो.

५. कुठे करायची, ते नमुन्याच्या अंगानं ठरवा

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, म्हणजे आपलं सिव्हिल. सहकारी आणि खासगी मोठी रुग्णालयं आहेत. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, साधारण ७० किलोमीटरवर. एलपी करणारे डॉक्टर यातल्या बऱ्याच ठिकाणी भेटतील. माझ्या मते प्रश्न उलटा विचारावा: काढलेलं पाणी बघणारा पॅथॉलॉजिस्ट त्याच इमारतीत किंवा अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे का? सुई कोणी घातली यापेक्षा आमच्या बाबतीत हेच निर्णायक ठरलं. कॅन्सरच्या पेशी पाण्यात फार वेळ टिकत नाहीत, फुगतात, फुटतात. मार्गदर्शक तत्त्वांत अर्ध्या तासाच्या आत प्रक्रिया सुरू करावी असं म्हटलेलं आहे.

आमचा पहिला नमुना शनिवारी दुपारी चारला घेतला. बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या नळीत, जेमतेम दोन मिली पाणी. लॅबचा मुलगा तो खिशात घालून गाडीवरून घेऊन गेला, बाहेर एप्रिलचं ऊन. तिथून तो रात्रीच्या बसनं बाहेरगावी गेला आणि सोमवारी उघडला. रिपोर्ट आला: "पेशी अत्यल्प, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत." आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. अक्काची नजर मात्र त्याच आठवड्यात आणखी बिघडली.

६. आदल्या दिवशी ठरवायच्या चार गोष्टी

पहिली, पाणी किती. सायटोलॉजीसाठी, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, शक्यतो १० मिली, कमीत कमी ५. दोन-तीन मिलीत पेशी सापडण्याची शक्यता बरीच कमी होते. "एवढं पाणी काढलं तर अशक्तपणा येईल," असं नातेवाईकच म्हणतात आणि डॉक्टरही मग हात आखडतात. शरीरात हे पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला जवळजवळ ५०० मिली नवं तयार होतं. म्हणजे १० मिली अर्ध्या तासात भरून निघतं.

दुसरी, वेळ. सकाळी दहाच्या आसपास, सोमवार ते गुरुवार. शनिवार नको, सुट्टीचा आदला दिवस नको. संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक असते, मधल्या गावातले रस्ते बंद होतात. त्या दिवशी नमुना घेऊन शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं मनात आणू नका.

तिसरी, पॅथॉलॉजिस्टना आधी फोन. दुसऱ्या वेळी आमच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला: "उद्या साडेदहाला सीएसएफ येतंय, ब्रेस्टची केस आहे, लगेच फिरवून घ्या." फिरवणं म्हणजे यंत्रात गरगर फिरवून पेशी काचेवर गोळा करणं. तो एक फोन मी कधी विसरणार नाही.

चौथी, तपासणीचा फॉर्म. तो हातात आला की वाचा. नुसतं "सीएसएफ रुटीन" लिहिलं असेल तर लॅब साखर, प्रथिनं आणि पेशींची संख्या एवढंच पाहील. कॅन्सरच्या पेशी शोधायला "सायटोलॉजी" हा शब्द वेगळा लिहावा लागतो आणि सोबत मूळ आजारही. रक्ताचा कॅन्सर किंवा लिम्फोमा असेल तर फ्लो सायटोमेट्रीही (यंत्रानं पेशींचा प्रकार ओळखण्याची तपासणी) हवी का, ते विचारा. लिम्फोमात आधीच स्टिरॉइड चालू झालं असेल तर पेशी लपू शकतात, म्हणून ती तारीखही फॉर्मवर असू द्या.

७. सुईच्या खोलीत

पेशंटला काय शोधतोय ते आधी सांगा. आमच्याकडे "अक्काला कळू देऊ नका" असा सूर होता. पण ती जागी असते, सगळं ऐकते, आणि तिला पाय पोटाशी घेऊन वीस-पंचवीस मिनिटं न हलता पडायचं असतं. संमतीपत्रावर सहीही तिचीच. मी तिला आदल्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, "मला माहिताय. तुम्ही कधी सांगताय तेच बघत होते."

एका कुशीवर, गुडघे छातीला, हनुवटी खाली. पाठ धनुष्यासारखी बाहेर आली की मणक्यांमधली जागा उघडते. जागा बधिर करणारं इंजेक्शन चरचरतं, तेच काय ते जास्त दुखतं. नंतर दाब जाणवतो. एखाद्या पायात विजेसारखी कळ गेली तर हलायचं नाही, कुठल्या पायात गेली ते तोंडानं सांगायचं, डॉक्टर सुई जरा वळवतात. आडवं झोपूनच पाण्याचा दाबही मोजता येतो, तो मोजून फाइलवर लिहायला सांगा. नेहमीचा दाब साधारण ६ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो, अक्काचा ३० च्या वर होता.

मला आत उभं राहू दिलं. अक्कानं माझा अंगठा धरला होता. पाणी थेंबाथेंबानं बल्बमध्ये पडत होतं, इतकं स्वच्छ की काचेवर पडलेल्या थेंबातून मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. ते पाहून मला वाटलं, यात काही नसणार. हा गैरसमज मनातून काढा. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी त्यात पेशी असू शकतात. अक्काच्या त्याच पाण्यात सापडल्या.

पहिल्या थेंबांत सुईच्या जखमेचं रक्त मिसळू शकतं, म्हणून सायटोलॉजीचा मोठा बल्ब शेवटी भरून घेतात. साखरेसाठी राखाडी झाकणाचा फ्लोराइड बल्ब. त्याच सुमारास बोटातून किंवा दंडातून रक्तातली साखरही तपासायला हवी, कारण पाण्यातली साखर रक्ताच्या साखरेशी ताडून पाहतात. आमच्या पहिल्या वेळी ती राहून गेली आणि पाण्यातल्या साखरेचा आकडा नुसताच कागदावर पडून राहिला.

८. नमुना हातानं न्या

बल्बवर नाव, वय, तारीख, वेळ आहे ना, ते तिथेच पाहा. शक्य असेल तर घरातल्याच माणसानं न्यावा आणि लॅबमध्ये मिळालेली वेळ लिहून घ्यावी. पोचायला वेळ लागणारच असेल तर सायटोलॉजीचा बल्ब थंड ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका. गोठला तर पेशी फुटतात. जाड कापडात गुंडाळून आइस पॅकच्या शेजारी ठेवा. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायचा बल्ब मात्र थंड करायचा नसतो, तो साध्या तापमानाला वेगळा न्या. सगळे बल्ब एकाच बर्फाच्या डब्यात कोंबणं ही फार जणांची चूक आहे. नमुना बाहेरगावी पाठवायचाच असेल तर टिकवण्यासाठी कुठलं द्रावण घालायचं, हे ज्या लॅबला जाणार तिलाच आधी विचारा.

९. घरी आल्यावर

काही तास पडून राहायला सांगतात. खरं तर नुसतं पडून राहिल्यानं डोकेदुखी टळते असं नाही. बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर ती कमी होते, म्हणून सुईबद्दल आधी विचारता आलं तर विचारा. ही डोकेदुखी ओळखायला सोपी आहे: बसलं-उठलं की वाढते, आडवं झालं की थांबते. भरपूर पाणी, चहा-कॉफी, साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून. आठवडाभर राहिली तर भूल देणारे डॉक्टर पेशंटचंच थोडं रक्त त्या जागी सोडून छिद्र बंद करतात. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून आलेले असाल तर त्याच दिवशी एसटीनं हादरत परत जाण्यापेक्षा एक रात्र सोलापुरातच काढा.

ताप, मान कडक होणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं किंवा सुईच्या जागेतून पाणी झिरपणं, यातलं काहीही झालं तर फोनवर विचारत न बसता थेट दवाखाना गाठा.

१०. रिपोर्ट वाचताना

सर्वसाधारण आकडे: पेशी ५ पर्यंत, प्रथिनं १५ ते ४५ मिलिग्रॅम, साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश. आवरणांत कॅन्सर असला की बहुधा प्रथिनं वाढतात, साखर उतरते, लिम्फोसाइट पेशी वाढतात. आता अडचण अशी की टीबीच्या मेंदूज्वरातही चित्र जवळजवळ हेच असतं. आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे डॉक्टरांना आधी तो आठवतो, आणि ते बरोबरही आहे. म्हणून एडीए आणि सीबीनॅट या टीबीच्या तपासण्या याच पाण्यात होतात. पण कॅन्सरचा इतिहास असलेल्या पेशंटला फक्त या आकड्यांवर टीबीच्या गोळ्या सुरू होत असतील, तर नम्रपणे एकदा विचारा: "सायटोलॉजी पाठवली का? पुन्हा पाठवायची का?"

सायटोलॉजीचं उत्तर चार प्रकारांनी येतं. पॉझिटिव्ह म्हणजे पेशी सापडल्या. सस्पिशियस आणि अ‍ॅटिपिकल म्हणजे शंका आहे, पुन्हा तपासा. आणि निगेटिव्ह. सगळ्यात जास्त घात या निगेटिव्हनं होतो. आजार असूनही पहिल्या तपासणीत पेशी सापडतात त्या साधारण ५० ते ६० टक्के पेशंटमध्ये. दुसऱ्यांदा नीट काढलं की हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं. तिसऱ्यांदा फार भर पडत नाही. म्हणून लक्षणं आहेत, एमआरआयमध्ये शंका आहे आणि पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तर दुसऱ्या एलपीला नाही म्हणू नका. मी म्हणालो होतो. "बिचारीला परत का टोचायचं," म्हणून आठ दिवस मी डॉक्टरांना टाळलं. ते आठ दिवस मला आजही सलतात.

११. पुढचा प्रवास

पॉझिटिव्ह आलं की कॅन्सरच्या डॉक्टरांशी थेट बोला. पाठीतून औषध सोडणं, रेडिएशन, काही प्रकारांत आवरणापर्यंत पोचणाऱ्या गोळ्या, असे पर्याय असतात. वारंवार औषध सोडायचं असेल तर डोक्याच्या कातडीखाली छोटी डबी बसवतात, तिला ओमाया म्हणतात. आजार कठीण आहे. उपचारानंही मिळणारा काळ बहुतेकांत महिन्यांत मोजला जातो, हे डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्या आणि पेशंटला काय हवंय ते तिला विचारा. वेदना आणि उलट्या आटोक्यात ठेवणारे पॅलिएटिव्हचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या. अक्काला उपचार घ्यायचे होते, कारण धाकटीची दहावी होती. तिचा निकाल अक्कानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, एका डोळ्यावर पट्टी बांधून, म्हणजे दोन-दोन अक्षरं दिसू नयेत.

दुसरं मत घ्यायला मुंबईला परळच्या टाटाला जाणार असाल तर नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. सायटोलॉजीच्या काचा आणि मूळ बायोप्सीचे ब्लॉक लॅबकडे अर्ज करून मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः पाहतात. काचा एकेक कागदात, मग कापसात गुंडाळून स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवा, डबा हातातल्या पिशवीत. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत. त्यासाठी रेल्वेचा ठरलेला नमुना डॉक्टरांकडून भरून, शिक्का मारून घ्यावा लागतो. तो तिकिटाच्या खिडकीवर द्यायचा असतो, म्हणून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघायचं ठरलं की दोन-तीन दिवस आधीच स्टेशनवर जाऊन या.